भारताने हात वर केला, पण काय म्हणून? संयुक्त राष्ट्रांतील मतदानाची स्पष्टीकरणे शोधून वाचण्याची रीत

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत मराठी शाळेसाठी, मराठी कागदपत्रांसाठी निवेदन लिहायला बसले की एक वाक्य आपसूक कागदावर उतरते: ‘अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यावर भारताने सही केलेली आहे.’ वाक्य तळमळीने लिहिलेले असते, पण ते खरे नाही. असल्या जाहीरनाम्यावर सह्या होत नाहीत. संयुक्त राष्ट्रांची आमसभा तो ठराव म्हणून स्वीकारते. भाषिक अल्पसंख्याकांचा उल्लेख असलेला जाहीरनामा, म्हणजे १८ डिसेंबर १९९२ चा ठराव ४७/१३५, तर मतदान न होताच स्वीकारला गेला. धारवाड खंडपीठासमोर सरकारी वकील हे एका मिनिटात दाखवून देईल, आणि मग निवेदनातल्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाईल.

म्हणून ठरावाच्या जोडीला आणखी एक कागद काढून वाचायची सवय लावली पाहिजे. मत देताना, तटस्थ राहताना किंवा मतदानाविना ठराव होताना देश स्वतःच्या तोंडाने जे सांगतो, तो हा कागद. त्याला मतदानाचे स्पष्टीकरण म्हणतात.

पतसंस्थेच्या संचालक मंडळावर बसलेल्याला ही गोष्ट लगेच कळेल. ठराव मंजूर होतो, पण एखादा संचालक म्हणतो, ‘ठरावाला माझा पाठिंबा आहे, मात्र तिसऱ्या मुद्द्याशी मी सहमत नाही, तसे प्रोसिडिंगात लिहा.’ ठरावाचा एक शब्दही त्याने बदलत नाही. पण उद्या चौकशी लागली तर त्याने कशाला होकार दिला आणि कशाला नाही, हे त्या ओळीवरून कळते. देशांच्या स्पष्टीकरणाचे काम साधारण असेच आहे. फरक इतकाच की इथे चौकशी अधिकारी नाही. हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय, इतर देश आणि अभ्यासक त्या ओळीचा अर्थ लावतात.

स्पष्टीकरणाचे नियम

आमसभेच्या कार्यपद्धतीचा नियम ८८ आणि समित्यांसाठी नियम १२८ यांत हे ठरलेले आहे. देशाला मतदानाआधी किंवा नंतर आपले मत का दिले ते सांगता येते. मतदान गुप्त असेल तर स्पष्टीकरण नाही. ज्याने ठराव किंवा दुरुस्ती मांडली, त्याला स्वतःच्याच प्रस्तावावर स्पष्टीकरण देता येत नाही. वेळ १० मिनिटे आणि बोलायचे आपल्या जागेवरूनच.

आणखी एक नियम आहे, आणि शोधताना माणसे चुकतात ती इथेच. तोच ठराव आधी समितीत आणि मग आमसभेच्या पूर्ण बैठकीत येत असेल, तर देशाने शक्यतो एकदाच स्पष्टीकरण द्यायचे असते. दोन्हीकडे मत वेगळे पडले तरच दोनदा. म्हणून पूर्ण बैठकीच्या इतिवृत्तात भारताचे नाव सापडले नाही म्हणजे भारत काही बोललाच नाही, असे लिहून मोकळे होऊ नये. मानवी हक्कांच्या बहुतेक ठरावांवर खरे बोलणे तिसऱ्या समितीत झालेले असते, निःशस्त्रीकरणाचे पहिल्या समितीत, कायद्याचे सहाव्या समितीत.

मतदान झाले नाही तर त्याच प्रकारच्या भाषणाला भूमिकेचे स्पष्टीकरण म्हणतात. मतदानाविना स्वीकारलेल्या ठरावात सगळे खूश असतात असे नाही. अशा वेळी देश म्हणतो, ‘आम्ही सहमतीच्या आड येत नाही, पण अमुक परिच्छेदापासून स्वतःला अलग ठेवतो.’ १९९२ च्या जाहीरनाम्यासारख्या ठरावावर लिहिताना ‘सर्व देशांनी एकमताने मान्य केले’ असे लिहू नये. ‘मतदानाविना स्वीकारला गेला’ एवढेच लिहावे. दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे.

कागद काढायचा कसा

आधी ठरावाचा क्रमांक नीट घ्या. ६१/२९५ म्हणजे ६१ व्या अधिवेशनातला २९५ वा ठराव. ठरावाच्या मजकुराच्या शेवटी बैठकीचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मतदानाच्या नोंदींचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे ठराव क्रमांक टाकला की कोणत्या देशाने काय मत दिले ते देशवार दिसते. मग बैठकीच्या क्रमांकावरून शब्दशः इतिवृत्त उघडा. त्याचा क्रमांक ए/६१/पीव्ही.१०७ अशा धाटणीचा असतो, शोधताना तो अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचा. ‘ए’ म्हणजे आमसभा, ६१ हे अधिवेशन, ‘पीव्ही’ म्हणजे शब्दशः इतिवृत्त, १०७ ही बैठक. समितीच्या क्रमांकात ‘सी’ आणि समितीचा आकडा येतो, आणि बहुतेक समित्यांचे इतिवृत्त सारांशरूप असते, त्याची खूण ‘एसआर’. सुरक्षा परिषदेचे इतिवृत्त ‘एस/पीव्ही’ने सुरू होते.

बैठक सकाळी संपली नाही तर स्पष्टीकरणे दुपारच्या पुढच्या बैठकीत जातात, तिचा क्रमांक वेगळा. ६१/२९५ साठी १०७ आणि १०८ अशी दोन्ही इतिवृत्ते वाचायला लागतात.

वृत्तविभागाचे बैठकीचे वृत्त वाचायला सोपे असते आणि गूगलवर ते आधी सापडते. शोधासाठी ते जरूर वापरा, पण अवतरण त्यातून देऊ नका. ते अधिकृत इतिवृत्त नाही असे खुद्द तेच सांगते. सारांश इतिवृत्तातल्या शब्दांनाही अवतरणचिन्हे लावू नयेत, कारण ते प्रतिनिधीचे शब्द नसून सारांश लिहिणाऱ्याचे आहेत. भाषणाची चित्रफीत संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर असेल तर ताडून पाहावी.

आकड्यांचेही असेच. आदिवासी जनसमूहांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला, म्हणजे १३ सप्टेंबर २००७ च्या ६१/२९५ ला, कुठे १४३ मते लिहिलेली दिसतात तर कुठे १४४. मतदानाच्या फलकावर १४३ बाजूने, ४ विरोधात, ११ तटस्थ असे पडले. आपल्याला बाजूने मत द्यायचे होते, असे माँटेनेग्रोने नंतर सचिवालयाला कळवले. असे कळवणे इतिवृत्तात वेगळी नोंद म्हणून येते, मूळ मोजणी बदलत नाही. तुम्ही कोणता आकडा घेतला आणि का, ते एका ओळीत लिहिले की वाद मिटतो.

वाचताना काय बघायचे

पहिला प्रश्न: मत कोणते आणि बोलणे त्याला आखूड करते की त्याचा अर्थ सांगते? ६१/२९५ घ्या. भारताने बाजूने मत दिले. एवढ्यावरून ‘भारताने आत्मनिर्णयाचा हक्क मान्य केला’ असे कुणी लिहिले तर ते साफ चुकेल. भारताच्या प्रतिनिधीने त्याच वेळी सांगितले की आत्मनिर्णयाचा हक्क परकीय अंमलाखालच्या लोकांपुरताच आहे, सार्वभौम स्वतंत्र राष्ट्राला किंवा राष्ट्रातल्या एखाद्या लोकसमूहाला तो लागू होत नाही, अशी आपली समजूत आहे. हे वाक्य नवे नव्हते. १० एप्रिल १९७९ रोजी नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होतानाही कलम १ बाबत भारताने हेच निवेदन केले होते. जुन्या आणि नव्या वाक्याची अशी जोडी लागली की ते क्षणाचे बोलणे राहत नाही, धोरण ठरते. दुसरी बाजूही तितकीच पाहावी: १९७९ च्या त्या निवेदनावर जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी आक्षेप नोंदवले. भारताची भूमिका स्पष्ट आहे, पण ती सर्वमान्य आहे असे म्हणता येत नाही.

विरोधात पडलेली ४ मते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची होती. चौघांनीही २००९ आणि २०१० मध्ये भूमिका बदलून जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. म्हणून जुने स्पष्टीकरण उचलताना त्यानंतर त्या देशाने काय केले हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तटस्थ मताला तर स्पष्टीकरणाशिवाय अर्थच नसतो. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या आणि म्हादईच्या पाण्यावर बोलणाऱ्यांनी २१ मे १९९७ चे मतदान जरूर पाहावे. जहाज-वाहतुकीव्यतिरिक्त इतर कामांसाठी आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा वापर कसा व्हावा, याचा करार आमसभेने त्या दिवशी ठराव ५१/२२९ ने स्वीकारला. १०३ बाजूने, ३ विरोधात (चीन, तुर्की आणि बुरुंडी), २७ तटस्थ. भारत तटस्थ. नुसते मत पाहून ‘भारताला न्याय्य पाणीवाटप मान्य नाही’ असे कुणीही लिहील. स्पष्टीकरण वाचले की दिसते, भारताचे आक्षेप कलमवार होते: कलम ३ मध्ये देशांच्या आपसांत करार करण्याच्या स्वातंत्र्याला पुरेशी जागा नाही, कलम ५ मध्ये शाश्वत वापराची कल्पना नीट व्याख्या न करता घातली आहे, कलम ३२ देशादेशांत एकात्मता गृहीत धरते, आणि कलम ३३ मध्ये तिसऱ्याकडून सक्तीची तथ्यशोधनाची प्रक्रिया आहे. हा करार देशादेशांतल्या नद्यांसाठी आहे. म्हादईचा वाद कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या राज्यांतला आहे, तो भारतीय कायद्याखालच्या लवादाकडे गेला. तेव्हा हे मतदान म्हादईच्या निवेदनात पुरावा म्हणून घालू नये.

हेगच्या न्यायालयाने तटस्थ मत वाचून दाखवल्याचा फार चांगला नमुना २५ फेब्रुवारी २०१९ च्या, हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या मतप्रदर्शनात (म्हणजे न्यायालयाने दिलेल्या सल्लारूप मतात) आहे. वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव १५१४, १४ डिसेंबर १९६०: ८९ बाजूने, विरोधात कुणी नाही, ९ तटस्थ. तटस्थांचे नेमके काय म्हणणे होते ते न्यायालयाने पाहिले. आत्मनिर्णयाचा हक्कच नाही असे एकानेही म्हटले नव्हते; काहींनी अंमलबजावणीला लागणाऱ्या वेळेचे कारण दिले होते. त्यामुळे ती ९ तटस्थ मते हक्काच्या आड आली नाहीत.

काही वेळा देश मतदानात भागच घेत नाही. अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ ला १२२ विरुद्ध १ मताने, १ तटस्थ, स्वीकारला गेला. भारत त्या वाटाघाटीतही नव्हता. पण भारत गप्प बसला नाही. हा करार आपल्याला बांधील नाही, आणि रूढ आंतरराष्ट्रीय कायदा घडण्यात त्याचा काही वाटा आहे असेही आपण मानत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. या दुसऱ्या अर्ध्याची गरज काय होती, ते पुढच्या भागात.

या बोलण्याला वजन किती

आमसभेचे ठराव, अंतर्गत कारभार आणि अंदाजपत्रक सोडले तर, शिफारशी असतात. पण रूढ कायदा दोन गोष्टींनी घडतो: देशांचे प्रत्यक्ष वर्तन, आणि हे वर्तन कायद्याने बंधनकारक आहे ही त्यांची जाणीव. ही जाणीव मनात असते, ती पाहायची कुठे? आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१८ मध्ये रूढ कायदा ओळखण्याबाबत जे निष्कर्ष दिले, त्यांत ठरावांच्या संदर्भातले देशांचे वर्तन हे दोन्हींचा पुरावा होऊ शकते असे म्हटले आहे. मत आणि त्याचे स्पष्टीकरण त्यातच येतात. ‘आम्ही हे कायदा म्हणून मानतो’ आणि ‘आम्ही हे राजकीय आवाहन म्हणून पाठिंबा देतो’ ही दोन वाक्ये एकाच हिरव्या बटणामागे असू शकतात. बटण दोघांचे सारखेच उजळते, पुरावा मात्र उलट होतो.

८ जुलै १९९६ च्या अण्वस्त्रांवरील मतप्रदर्शनात न्यायालयाने सांगितले की ठराव बंधनकारक नसले तरी नियम आहे की नाही याचा महत्त्वाचा पुरावा देऊ शकतात. मात्र ठरावाचा मजकूर आणि तो कोणत्या परिस्थितीत स्वीकारला गेला हे पाहावे लागते. तिथे विरोधी आणि तटस्थ मते बरीच होती, म्हणून पुरावा कमी पडला. १९८६ च्या निकाराग्वा विरुद्ध अमेरिका निकालात उलट झाले: १९७० च्या मैत्रीपूर्ण संबंधांच्या जाहीरनाम्याला देशांनी दिलेल्या संमतीतून न्यायालयाने बळाच्या वापराविरुद्धची कायदेशीर जाणीव काढली.

आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचा निकाल ५ ऑक्टोबर २०१६ चा, मार्शल आयलंड्स विरुद्ध भारत. अण्वस्त्र निःशस्त्रीकरणावरून मार्शल आयलंड्सने भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन यांच्यावर खटले भरले होते आणि वाद आहे हे दाखवायला मतदानाच्या नोंदीही पुढे केल्या होत्या. न्यायालय म्हणाले, एका ठरावात अनेक विधाने असतात, मत दिले म्हणून त्यातले प्रत्येक विधान त्या देशाला मान्य किंवा अमान्य आहे असे धरता येत नाही. राजकीय मंचावरच्या मतांवरून कायदेशीर वाद काढताना फार जपावे लागते. पण मतांचा कल काही वेळा पुरावा ठरू शकतो, विशेषतः मतदानाचे स्पष्टीकरण दिलेले असेल तेव्हा. भारताच्या खटल्यात ९ विरुद्ध ७ मतांनी वाद नसल्याचे ठरले आणि खटला तिथेच संपला. मतांबद्दलचे न्यायालयाचे हे म्हणणे स्पष्टीकरण-वाचनाचे मूळ सूत्र म्हणून पाठ करावे असे आहे.

सतत विरोध करणाऱ्या देशाचा नियम इथे येतो. एखादा रूढ नियम घडत असतानाच देशाने स्पष्ट विरोध केला, तो इतर देशांना कळवला आणि पुढेही चालू ठेवला, तर तो नियम त्याला लागू होत नाही. ज्यांतून कोणत्याही देशाला सूट नाही अशा सर्वोच्च दर्जाच्या अनिवार्य नियमांचा प्रश्न वेगळा. २०१७ चे भारताचे ते विधान या चौकटीत वाचले की त्याचा हेतू कळतो. एकदाच १० मिनिटे बोलून हा दर्जा मिळत नाही, आणि नियम पक्का झाल्यावर सुरू केलेला विरोध उपयोगाचा नाही.

करारावरची राखीव अट आणि मतदानाचे स्पष्टीकरण यांची गल्लत तर वकिलांकडूनही होते. राखीव अट सही, मान्यता किंवा सामील होताना लेखी द्यायची असते. कराराचा मसुदा स्वीकारताना केलेले भाषण तशी अट होत नाही. फार तर कराराच्या अर्थाबद्दल शंका उरली तर पूर्वतयारीचा कागद म्हणून ते पाहिले जाते. ठरावाच्या आधारे कराराचा अर्थ बदलायचा असेल तर पक्षांची सहमती लागते. ३१ मार्च २०१४ च्या अंटार्क्टिक देवमासे-शिकार निकालात न्यायालयाने म्हटले की जपानच्या पाठिंब्याशिवाय झालेले आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोगाचे ठराव हा कराराच्या अर्थाबाबतचा नंतरचा करार मानता येत नाही.

भाषणातून देश स्वतःला बांधून घेऊ शकतो का? शकतो, पण क्वचित. २० डिसेंबर १९७४ च्या अणुचाचणी निकालांत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची आणि मंत्र्यांची जाहीर विधाने बंधनकारक ठरली, कारण बांधून घेण्याचा हेतू त्यांत स्पष्ट होता. बोलणारा कोण, शब्द किती नेमके, हेतू काय, हे तिन्ही पाहावे.

सुरक्षा परिषदेचे वेगळे आहे, कारण सनदेच्या कलम २५ मुळे तिचे निर्णय बंधनकारक असतात. कोसोवोच्या स्वातंत्र्यघोषणेवरील २२ जुलै २०१० च्या मतप्रदर्शनात न्यायालयाने म्हटले की परिषदेच्या ठरावाचा अर्थ लावताना स्वीकारतेवेळची सदस्यांची विधाने पाहावी लागू शकतात. पण एका सदस्याची समजूत म्हणजे ठरावाचा अर्थ नव्हे. अरब-इस्रायल युद्धानंतरच्या, २२ नोव्हेंबर १९६७ च्या ठराव २४२ आधी भारताने, तेव्हा तो परिषदेचा सदस्य होता, इस्रायलच्या संपूर्ण सैन्यमाघारीची आपली समजूत नोंदवली. इतरांची समजूत वेगळी होती आणि तो वाद आजही संपलेला नाही. गाझातल्या युद्धविरामाच्या, २५ मार्च २०२४ च्या ठराव २७२८ वर तटस्थ राहून अमेरिकेने त्याला बंधनकारक नाही म्हटले, इतरांनी ते मानले नाही. अशा वेळी आधी ठरावाची क्रियापदे बघायची, मग भाषणे.

निवेदनात कसे लिहावे

क्रम आधी राज्यघटनेचा: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींसाठी ३५०-क, भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्यासाठी ३५०-ख, सोबत २९ आणि ३०. त्यानंतर करार. त्यात असे लिहिता येते: ‘भारत १० एप्रिल १९७९ रोजी नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्याच्या कलम २७ नुसार भाषिक अल्पसंख्याक व्यक्तींना आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येत नाही. सामील होताना भारताने कलम १, ९, १२, १३, १९(३), २१ आणि २२ बाबत निवेदने केली. कलम २७ बाबत केलेले नाही.’ हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे, आणि ते फक्त कागद वाचूनच लिहिता येते.

जाहीरनामा तिसरा, आणि तोही मापात: ‘१९९२ च्या जाहीरनाम्याच्या कलम ४(३) मध्ये शक्य तेथे मातृभाषा शिकण्याची किंवा मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी संधी मिळावी अशी उपाययोजना राज्यांनी करावी असे म्हटले आहे. हा जाहीरनामा मतदानाविना स्वीकारला गेला.’ ‘करावी’ आहे, ‘केलीच पाहिजे’ नाही. आणि ‘शक्य तेथे’ गाळू नये, कारण समोरचा ते शोधून काढणारच. करार संसदेने कायदा केल्याशिवाय आपोआप देशाचा कायदा होत नाही, पण घटनेच्या ५१(ग) च्या आधारे न्यायालये अर्थ लावताना तो विचारात घेतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा १९९७ चा विशाखा निकाल त्याचे ठळक उदाहरण.

आदिवासी जनसमूहांचा २००७ चा जाहीरनामा मराठी भाषिकांच्या निवेदनात घालू नका. तो वेगळ्या लोकांसाठी आहे आणि त्यासोबत भारताचे आत्मनिर्णयावरचे ते स्पष्टीकरण ओघानेच येते. सीमाप्रश्नालाही हाच न्याय. महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या कलम १३१ खाली आहे. तो घटना आणि राज्य पुनर्रचनेच्या कायद्यावर लढवला जाईल, न्यूयॉर्कमधल्या मतांवर नाही.

छापील प्रत फाईलला लावताना समासात बैठकीचा क्रमांक, तारीख, पान आणि भाषण मतदानाआधीचे की नंतरचे ते लिहा. भारत एखाद्या गटाच्या वतीने बोलला की स्वतःच्या, तेही नोंदवा. दाखल करण्याच्या आदल्या दिवशी त्या इतिवृत्ताचे दुरुस्तीपत्रक किंवा दुरुस्त प्रत निघाली आहे का ते पुन्हा एकदा शोधा, कारण प्रतिनिधी आपल्या भाषणाच्या नोंदीत दुरुस्त्या पाठवतात आणि त्या आधी काढलेल्या प्रतीवर नसतात.